मास्तरांनी वाचून दाखवलेली अकरा पानं

आमच्या वरच्या खोलीतले मास्तर कुणाला ‘जेवलात का’ असं विचारायचे नाहीत. इथं चेन्नईत, अंबत्तूरला माणूस भेटला की आधी तेच विचारतात. मास्तर विचारायचे, “आज काय शोधलंत?”

दूधवाल्याला विचारायचे, गॅसची टाकी आणणाऱ्याला विचारायचे. कोपऱ्यावरची फुलवाली एकदा म्हणाली, “चप्पल शोधतेय, वात्तियार. देवळाबाहेरनं गेली माझी.” वात्तियार म्हणजे मास्तर, सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणायची. मास्तरांनी खिशातनं वही काढली. “शोधताना काय म्हणालीस? नुसती चप्पल म्हणालीस की निळी चप्पल म्हणालीस?”

फुलवाली म्हणाली, “मी काय म्हणाले ते लिहिलंत तर तुमची वही बाटेल.”

मास्तरांनी तेही लिहून घेतलं.

त्या वहीत लोकांचे प्रश्नच होते सगळे. उत्तर एकही नाही. मी विचारलं, हे कशाला जमवता? तर म्हणाले, “उत्तर कोणी पण देईल, अक्का. माणूस विचारतो कसा, ते ऐकणारा पाहिजे की.”

मी त्यांच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. त्यांचं मराठी तंजावरचं, तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आलेल्या लोकांचं. सगळं म्हणायचं तर ते ‘अस्कं’ म्हणत, कशालाचं ‘कसाला’ करत, आणि सूर सगळा तमिळ. माझी नात तोंड दाबून हसायची. ते तिला म्हणायचे, “हस, हस. तुझं मराठी पुण्याचं पण नाही, चेन्नईचं पण नाही. माझं निदान तंजावरचं आहे.”

आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तीस वर्षं चालवला. अर्ध्या अंबत्तूरच्या पोरी त्यांच्या हाताखाली शिकून हापिसात लागल्या. मग मशिनी गेल्या, क्लास बसला. बायको त्याच्या आधीच गेली होती. दुसरा कुणी खचला असता. हे पन्नाशी उलटल्यावर कंप्युटर शिकले, तेही स्वतःच्याच जुन्या विद्यार्थिनीकडं, पहिल्या बाकावर बसून. आणि त्यातनं हे काम धरलं. लोक फोनवर काहीतरी विचारतात, तेव्हा कुणाच्या दुकानाचं पान वर यावं नि कसं यावं, ते बघायचं. मला पहिली दोन वर्षं हे काम म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. मला वाटायचं ज्योतिष बघतात.

जुन्या मशिनी त्यांनी टाकल्या नाहीत. सात होत्या. माझ्या वरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेल्या, वर रेग्झिनचे झगे. दर शुक्रवारी झगे काढायचे, तेल द्यायचे. आयुधपूजेला सातींना गंध-कुंकू, मग कंप्युटरलाही, आणि त्या माऊसलाही एक टिकली. दुसऱ्या दिवशी माऊस चिकटायचा. दरवर्षी चिकटायचा.

त्यांचं एक वाक्य होतं, ते उठता बसता म्हणायचे. “एक अक्षर एकदा मारलं तर छापतं. त्याच जागी दुसऱ्यांदा मारलं तर गडद होतं. तिसऱ्यांदा मारलं तर कागद फाटतो.” नात अभ्यास करत नाही म्हणून मी चारदा ओरडले की वरनं आवाज यायचा, “अक्का, कागद फाटला!”

नुंगंबाक्कमला एका हापिसात त्यांना बोलवायचे आठवड्यातनं एकदा. तिथली पोरं त्यांना अंकल म्हणत. जाताना बसायची गादी घरनं न्यायचे, पिशवीत घालून. तिथल्या खुर्च्या मऊ होत्या, पण मास्तरांना मऊ खुर्चीत विचार सुचत नसे. आपली कापसाची कडक गादीच लागे. एक दिवस दुपारीच परत आले. पिशवीत गादी.

“काय झालं?” मी विचारलं.

“काम सोडलं.”

“का?”

“फरशी विकणारा एक आहे. त्याला एकाच गोष्टीवर चाळीस पानं पाहिजेत. एकच प्रश्न, चाळीस पानं. मी म्हटलं, चाळीस दारं नि आत एकच खोली? लोक काय करतील? ते म्हणाले, अंकल, तुम्ही लिहा फक्त. मी गादी काढून घेतली.”

“आणि आता पोटाचं?”

“पोटाला मी एक माणूस. एवढं कसाला लागतं?” असं म्हणून वर गेले, नि त्या दिवशी शुक्रवार नसताना सातही मशिनींना तेल दिलं.

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. चाळीस पानं लिहायला सांगितली तर लिहावीत, त्यात काय एवढं. कामाला नाही म्हणायची ऐपत मला कधी आली नाही, म्हणून असेल.

माझं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी नगरकडची. शाळा तिसरीत सुटली. दुकानाची पाटी वाचते, बसचा नंबर वाचते, दोन ओळींच्या पुढं नजर जाते पण डोकं जात नाही. लग्न होऊन इकडं आले तेव्हा मालक कारखान्यात होते. बेचाळिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेले. मुलगा तेव्हा नववीत. मी काळा मसाला करायला लागले. आपल्याकडनं बदलीवर आलेली माणसं इथं पुष्कळ, रेल्वेतली, बँकेतली. त्यांना सांबार-रस्सम जमतं, पण आठवड्यातनं एकदा आपल्या मसाल्याची आमटी पाहिजेच. डोक्यावर डबा घेऊन मी क्वार्टरांतनं फिरायची. एका जिन्याशी दहा-दहा वेळा हाक मारायची. पहिल्या हाकेला कोण दार उघडत नाही, सहाव्या-सातव्याला उघडतं. त्यावर मुलगा शिकला, त्याचं लग्न झालं, नात झाली. तो एन्नोरला कामाला होता. एका सकाळी रस्त्यावर कंटेनरनं त्याची गाडी उडवली. नात तेव्हा पाच वर्षांची. एवढंच.

सून शुभा. ती शिकलेली आहे. रडणं झालं, बारा महिने झाले, मग ती म्हणाली, “आई, तुम्ही आता जिने चढू नका. मी फोनवरनं विकते.” तिनं आपल्या मसाल्याची साइट केली. पान लिहिलं एक, घरगुती काळा मसाला चेन्नईत कुठं मिळतो म्हणून. दोन-तीन महिन्यांत ऑर्डरी यायला लागल्या. इथल्या आल्या, बंगळूरच्या आल्या, एक तर कोईमतूरहून आली. मी नि शुभा, दोघी कांडायचो.

मास्तर आमच्याकडं भाड्यानं आले ते त्याच सुमाराला. पहिल्याच आठवड्यात मी मिरच्या भाजत होते. जिन्यावरनं कोणीतरी उतरलं. बघते तर नाकातोंडाला ओला पंचा बांधलेले मास्तर, डोळे लाल. म्हटलं आता भांडतील, खोली सोडतील. ते शिंकत शिंकत म्हणाले, “अक्का, हे... हे... ज्यांना पाहिजे असतं, ते मागतात काय म्हणून?”

“काळा मसाला म्हणून.”

“अस्के तसंच म्हणतात?”

“कोणी येसर म्हणतं, कोणी आमटीचा मसाला म्हणतं.”

वही बाहेर. पंचा तोंडाला तसाच. पुढं दर वेळी मिरची भाजताना ते खाली यायचे, पंचा बांधून. मी म्हणायचे, त्रास होतो तर वर बसा ना. म्हणायचे, “वर पण येतात शिंका. इथे निदान आमटी मिळते.”

आता चूक सांगते. ती माझी आहे.

ऑर्डरी येत होत्या, तर मी शुभाला म्हटलं, “एकदा हाक मारून गप्प बसतं का कोणी? परत लिही. परत परत लिही. सहाव्या हाकेला दार उघडतं.” शुभाला पटलं. तिनं दुसरं पान लिहिलं, तिसरं लिहिलं. दर दोन महिन्यांनी एक. मसाला कसा करतात, मसाल्याचे फायदे, मसाला टिकवायचा कसा, माझ्या सासूबाईंच्या मसाल्याची गोष्ट. काहीही लिहिलं तरी वर नाव तेच, आणि आत तेच शब्द पाच-सहा वेळा पेरलेले, ‘काळा मसाला चेन्नई’. अकरा पानं झाली. आम्हाला वाटलं अकरा तोंडांनी हाक मारतोय.

आणि ऑर्डरी कमी व्हायला लागल्या.

आधी वाटलं पाऊस आहे म्हणून. मग वाटलं श्रावण आहे, लोक कमी खातात. गोकुळाष्टमीला घरात मसाला कांडून भरलेला नि मागणी नाही. शुभानं तेव्हाच बारावं पान लिहायला घेतलं होतं.

तिच्या भावाचा नगरहून फोन यायचा. चांगला माणूस आहे, बहिणीची काळजी करणारा. तो म्हणायचा, “तिकडं भाषा नाही, माणूस नाही. इथं शाळेत नोकरी बघून ठेवलीय तुला. पोरगीला घेऊन ये.” शुभा वर्षभर टाळत होती. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, ती बाहेर बोलत होती. म्हणाली, “दिवाळीपर्यंत बघते, दादा. तोवर चाललं नाही तर भाऊबीजेला ये, मी येते तुझ्याबरोबर.”

मी पातेलं घासत होते ते घासत राहिले. सासूला कोण माहेरी घेऊन जातं? तिनं जावं हे बरोबरच होतं. मी तिला रहा म्हणाले नाही, जा म्हणाले नाही.

मास्तरांना आम्ही कधी विचारलं नव्हतं. शुभाला संकोच वाटायचा, आणि मला, खरं सांगते, चाळीस पानांना नाही म्हणणारा माणूस काय कामाचा असं वाटायचं. पण नातीनं जिन्यात बसून त्यांना सांगून टाकलं, की आम्ही दिवाळीला जाणार, नि पाटी इथंच राहणार. पाटी म्हणजे मी. इथल्या पोरांसारखी ती आजीला पाटीच म्हणते.

दुसऱ्या दिवशी मास्तर खाली आले नि म्हणाले, “अक्का, तुम्ही तासभर देवळात जा.”

“का?”

“मला तुमच्या स्वयंपाकघरात काम आहे.”

असं आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं. पण ते उभेच राहिले, मी गेले. परत आले तर म्हणाले, “आता आमटी करा.”

मी मसाल्याला हात घातला. ओट्यावर माझा मोठा डबा नाही. त्याच्या जागी अकरा डबे. माझेच, रव्याचा, साबुदाण्याचा, लाडवाचा, सगळे रिकामे करून. प्रत्येकावर कागद चिकटवलेला, टायपाच्या मशीनवर मारलेला, सगळ्यांवर एकच. मी शुभाला हाक मारून विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, “काळा मसाला.” दुसऱ्यावर? “काळा मसाला.” अकराही.

पहिला उघडला, तळाला चमचाभर. दुसरा उघडला, चमचाभर, त्यात रवा लागलेला. तिसऱ्याचं झाकण सैल. मी इकडचा वास घेतेय, तिकडचा घेतेय. आमटी उतू गेली.

मी भडकले. “हा काय चावटपणा आहे, मास्तर? मसाला असा ठेवतात का? थोडा थोडा अकरा ठिकाणी ठेवला की वास जातो त्याचा! कुठला ताजा, कुठला जुना, मला कसं कळणार? एका डब्यात दाबून भरलेला असला तर टिकतो. नवीन लग्न झालेल्या पोरीलाही कळतं हे!”

मास्तर दारात उभे, पंचा खांद्यावर. शुभाकडं बघून म्हणाले, “ऐकलंस? मी सांगितलं असतं तर पटलं नसतं. तुझ्या सासूनं सांगितलं.”

शुभानं एका डब्याचं झाकण उचलून परत लावलं. मग हळूच म्हणाली, “म्हणजे माझी पानं...”

“कोणी विचारतं, काळा मसाला चेन्नईत कुठे? फोनमधलं शोधणारं मशीन तुझ्या घरात येतं. अकरा डबे, अस्क्यांवर एकच नाव. आज हा उचलतं, उद्या तो. एकात पण पुरतं नाही. मग कंटाळतं नि शेजारच्या घरी जातं. दुसरा कोणी तुला मागे टाकत नाही, पोरी. तुझीच पानं एकमेकींचे पाय ओढतात. एका प्रश्नाला एक पान. अकरा पानांतलं बेस बेस तेवढं काढ, एकात भर. बाकीची बंद कर, नि प्रत्येक दारावर पाटी लाव की बाबा, इथे नाही, तिथे जा.”

मला पटलं. माझ्याच ओट्यावर पटलं. पण शुभाचं तोंड उतरलं.

“एकही पान काढायचं नाही, सर,” ती म्हणाली.

“कसाला?”

“नाही काढायचं.” आणि आत गेली.

मास्तर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, मला काय माहीत, मी ती पानं वाचलेली नाहीत. दोन वर्षं माझ्या घरात ती लिहिली गेली नि मला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी वाचून दाखवलं नाही. दोघींनाही ते सुचलंच नाही.

मास्तर म्हणाले, “मग काढायचं की ठेवायचं ते ठरवणार कोण? ज्यांचा मसाला त्यांनी आधी ऐकायला पाहिजे की.”

तेव्हापासून रोज दुपारी ते गादी घेऊन खाली यायचे, भिंतीला टेकून बसायचे नि एकेक पान वाचून दाखवायचे. शुभा आतल्या खोलीत, दार उघडं. मास्तरांना देवनागरी यायची, पण हळू. आणि टायपिंगच्या क्लासात तीस वर्षं मजकूर सांगितलेला, त्यामुळं ते नुसतं वाचत नसत. चिन्हंही वाचत. “आमच्या सासूबाई मिरची स्वतः निवडतात फुलस्टॉप. देठ काढताना त्या बोलत नाहीत कॉमा कारण देठ मोजावे लागतात असं त्या म्हणतात फुलस्टॉप. न्यू पॅरा.”

मला हसू यायचं. मग हळूहळू येईना झालं. माझ्याबद्दलच लिहिलेलं होतं. मी डोक्यावर डबा घेऊन फिरायचे ते तिनं बघितलेलं नाही, तिच्या लग्नाआधीचं ते. पण लिहिलेलं होतं, कुठल्या जिन्याला किती पायऱ्या ते सुद्धा. मुलानं सांगितलेलं तिला. त्याला पायऱ्या माहीत होत्या हे मला माहीत नव्हतं. शाळेतनं आला की तो माझ्याबरोबर यायचा, पण खाली थांबायचा, मला वाटायचं लाजतो. तो मोजायचा.

सातवं पान त्याचं होतं.

वर नाव तेच, मसाल्याचं. आत तो. मिरचीचं पोतं स्कूटरवर मागं बांधून आणायचा नि सिग्नलला थांबला की आजूबाजूचे सगळे शिंकायचे, मग हा मान वळवून दुसरीकडं बघायचा, आपलं नाहीच असं दाखवत. लग्नानंतर पहिल्यांदा शुभानं मसाला करपवला नि त्यानं तो खाल्ला, आणि आईला सांगू नकोस म्हणाला. मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. आणि मग ती सकाळ. शुभानं ती तीन ओळींत लिहिलेली. आणि त्या तीन ओळींच्या मध्ये, कारण मी सांगितलं होतं परत परत लिही, काळा मसाला चेन्नई. खाली परत एकदा, काळा मसाला चेन्नई इथे मिळेल.

मास्तर वाचत होते. “त्या दिवशी डबा न्यायचा विसरला कॉमा म्हणून मी मागे धावले फुलस्टॉप. गाडी वळली होती.”

ह्या वाक्याला त्यांनी फुलस्टॉप म्हटलं नाही.

मग ते उठून आतल्या दाराशी गेले. आत गेले नाहीत, उंबऱ्याच्या अलीकडं उभे राहिले. म्हणाले, “पोरी, हे पान काढायचं नाही. मी म्हणतो. पण एक सांग. असं कोणी विचारतं का कधी, की हा माणूस कसा होता?”

आतनं आलं, “नाही.”

“नाही ना? मग हे पान कोणाच्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्यावर मसाल्याचं नाव कसाला? ते शब्द तेवढे काढ. ते काढलेस की हे पान कोणाच्या वाटेत येत नाही. शोधून कोणाला सापडणार नाही. ज्याला ठाऊक आहे तो येईल. राहू दे त्याला.”

शुभा बाहेर आली. डोळे पुसलेले होते. मास्तरांच्या शेजारी खाली बसली नि त्यांच्या समोर, स्वतःच्या हातानं, ते शब्द काढले. पाच ठिकाणी होते. मास्तर बोट ठेवत होते नि ती काढत होती. वरचं नाव काढलं तेव्हा मला विचारलं, “आई, इथं काय लिहू?” मी म्हटलं, त्याचंच नाव लिही. दुसरं काय.

उरलेल्या दहांचं एक पान करायला आठ दिवस लागले. दोघं भांडायचे. शुभा म्हणायची हे पण राहू दे, मास्तर म्हणायचे, “आमटीत अस्कं घालतेस का?” माझ्या पायऱ्या राहिल्या. माझ्या सासूबाईंची गोष्ट गेली. ती खोटीच होती थोडी, बरं झालं.

मग काही झालं नाही. तीन आठवडे काही झालं नाही. मास्तर रोज खाली यायचे, म्हणायचे, “थांबा.” शुभानं मात्र नातीची शाळेची कागदपत्रं एका फायलीत लावायला घेतली. मास्तरांनी ते बघितलं. त्या दिवशी दोनदा आले. दोन्ही वेळा “थांबा” म्हणाले.

नवरात्र संपता संपता फोन वाजला. हैदराबादहून एक बाई. मग दुसऱ्या दिवशी दोन. दिवाळीच्या आठवड्यात मी नि शुभा दोघी पुरलो नाही. इथं तेव्हा पाऊस, ऊन नाही, मिरची वाळत नाही, छोट्या कढईत थोडी थोडी भाजायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मास्तर पंचा बांधून वेलच्या सोलत बसायचे. शुभा जाणार की राहणार हे मी तेव्हाही विचारलं नाही. फाईल कपाटावर तशीच होती.

मास्तर आता नाहीत. नंतर चार वर्षं होते. गुडघे गेले तसे बहिणीकडं कुंभकोणमला राहायला गेले, मशिनी टेम्पोत घालून, आणि मागच्या उन्हाळ्यात तिथंच गेले. कोणाचं कौतुक तोंडावर करायची मला सवय नाही. त्यांचं केलं नाही. पण एवढ्या वर्षांत माझ्या घरात काय लिहिलंय ते मला ऐकवावं असं एकाच माणसाला वाटलं, ते हे.

तर भाऊबीज. भाऊ आदल्या दिवशीच आला. आमच्या बाहेरच्या खोलीत पाट मांडला, शुभानं ओवाळायला घेतलं. मास्तरांना जेवायला बोलावलं होतं, ते कोपऱ्यात आपल्या गादीवर. भावानं त्यांच्याकडं दोनदा बघितलं नि विचारलं, “आपण यांचे कोण?”

“वरचा भाडेकरू,” मास्तर म्हणाले. “ह्यांच्यामुळे मला शिंका येतात.”

शुभानं ओवाळलं. भावानं खिशातनं पाकीट काढून तबकात ठेवलं. त्यात तिकिटं होती. तीन. त्याचं, तिचं, नातीचं.

शुभानं तबक खाली ठेवलं. पाकीट उचललं, उघडून बघितलं, परत बंद केलं. मी पानं मांडत होते. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं नाही.

“दादा,” ती म्हणाली, “ह्यातली दोन परत कर. ओवाळणी मला दुसरी पाहिजे.”

“काय?”

“लोखंडाची कढई. मोठी. ह्या कढईत दिवस पुरत नाही.”

भाऊ लाल झाला. “वर्षभर मी फोन करतोय, तिकडं नोकरी बघितली, नि तू कढई मागतेस?” माझ्याकडं वळला. “मावशी, तुम्ही तरी सांगा हिला काही.”

मी म्हटलं, “जेवून घे आधी. भात निवतोय.”

तो जेवला. रागानं जेवला, पण आमटी दोनदा घेतली. जेवण झाल्यावर हात धुऊन म्हणाला, “कुठं मिळते ही कढई?” मास्तर लगेच उठले, वही खिशात घातली नि म्हणाले, “चला.”

तीन तासांनी दोघं आले. ऑटोच्या मागं ती बांधलेली. आमच्या दारातनं सरळ आत येईना, तिरकी करून दोघांनी आत घेतली. मास्तर दम लागून पायरीवर बसले. भावानं तळहात पँटीला पुसले, कढईकडं बघितलं, मग बहिणीकडं.

“घे,” म्हणाला. “आता ही काही गाडीत चढायची नाही.”

नवी लोखंडी कढई लगेच वापरता येत नाही. धुऊन, तापवून, तेल लावून तीन दिवस ठेवावी लागते. मी त्याच संध्याकाळी तेल लावलं.